नखाचा उतारा

दूध तपासायचं तर कॅन आधी तळापासून ढवळायचा, मग नमुना घ्यायचा. वरवरचं घेतलं तर नुसती साय हाती लागते आणि फॅट भलतंच चढतं. आमच्याकडं दूध घालणारी निम्मी मंडळी ढवळायच्या आधीच 'ताई, घ्या की पटकन' म्हणून मागं लागतात. मी घेत नाही. जयसिंगपूरच्या एका दूध संघात मी भेसळ तपासायच्या विभागात आहे आणि तिथं माझं नाव 'कडक मगदूम बाई' असं पडलंय. समीक्षा म्हणून फक्त घरचे हाक मारतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी काय केलं ते ऐकताना तुम्हालाही माझी जरा लाज वाटेल. मला एकटीलाच का वाटावी?

मला लहानपणापासून इसब आहे. पापण्यांवर, कानामागं, कोपराच्या आतल्या बाजूला. आला की कातडी लाल होते, कोरडी पडून सोलते, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत बसून फक्त 'आता खाजवायचं नाही' एवढंच म्हणत राहतो. आठवीत असताना आई मला सांगलीला डॉक्टर मुजावर मॅडमकडं घेऊन गेली. त्यांनी एक छोटी ट्यूब दिली. तिच्यावर हायड्रोकॉर्टिसोन लिहिलं होतं. आईनं घाबरत विचारलं, हे स्टिरॉइड तर नव्हे?

मॅडम म्हणाल्या, स्टिरॉइडच आहे, आणि तुमची लेक रोज सकाळी ते स्वतः बनवते. मग त्यांनी मलाच समजावून सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक लहानशी ग्रंथी असते, ती हेच रसायन रक्तात सोडते. थोडंसं मलमात घालून लावलं की कातडीतली आग शमते. पण मलमांच्या ताकदीत फार अंतर असतं. सगळ्यात सौम्य आणि सगळ्यात तीव्र यांच्यात शेकडो पटींचा फरक. तीव्र मलम चेहऱ्यावर महिनोन्महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा पेटतो. सौम्य मलम मात्र पापणीसारख्या नाजूक जागीही, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, पातळ थरात चालतं. कमी ताकदीचं लाव, थोडंच लाव, पण वेळेवर लाव, असं त्या म्हणाल्या. तसंच लावत आले आणि बरी राहिले. कुणाला कधी कळलंसुद्धा नाही.

आता नखं वाचणाऱ्या यंत्राचं सांगते. तीव्र मलमांचा एक गुण असा की कातडी काही दिवस उजळ दिसते. झालं! गावोगाव ती गोरं व्हायचं क्रीम म्हणून खपायला लागली. पार्लरमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर, नणंद भावजयीला, भावजय बहिणीला. चेहरे भाजलेल्या बायका डॉक्टरांपुढं बसून शपथेवर सांगायच्या की आम्ही फक्त बेसन लावतो. मग कुणाला काय द्यायचं ते ठरवायचं कसं? म्हणून हे नखवाचक आलं. मलम आपण बोटानं लावतो. त्याचा अंश बोटाच्या नखात मुरतो, आणि नख मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण सहा महिने घेतं. म्हणजे नखात सहा महिन्यांची हकिगत थराथरानं साठलेली असते. यंत्र नखावर लेसरचा बारीक किरण टाकतं आणि परत आलेल्या उजेडाच्या रंगांवरून अंगातला मूळचा अंश वगळून तिथं बाहेरून कुठला रेणू आलाय, किती ताकदीचा, कुठल्या महिन्यातला, ते ओळखतं. भाजलेले कितीतरी चेहरे त्या यंत्रानं वाचवले. मी स्वतः यंत्रांवर काम करते, मला त्याचं कौतुकच होतं.

पण कागद हातात आला की आपली माणसं त्याचं काय करतील ते देवही सांगू शकत नाही. नखवाचकाचा निकाल छापून मिळायचा, त्याला जमिनीच्या कागदासारखं 'उतारा' नाव पडलं, आणि बघता बघता स्थळं जुळवणारे फोटो, पत्रिका आणि उतारा अशी तिहेरी मागणी करायला लागले. मुलीचा रंग घरचा आहे की ट्यूबमधला ते कळावं म्हणून. उताऱ्यावर वर मोठ्या अक्षरात 'स्टिरॉइड आढळले' किंवा 'आढळले नाही' असं असतं. सौम्य की तीव्र, ते खाली बारीक ओळीत. ती ओळ वाचायला कुणाला सवड? मुलांचा उतारा कुणी मागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

शांतिनाथमामांनी समडोळीच्या चौगुल्यांचं स्थळ आणलं तेव्हा मी नाक मुरडूनच फोन घेतला होता. वर्धमान चौगुले. उसावर ड्रोननं फवारणी करून द्यायचा धंदा, चार माणसं हाताखाली. हा मनुष्य विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसायला लागतो, आणि मग विनोद काय होता ते आपल्याला विचारून घ्यावं लागतं. पहिल्या फोनला मला त्याचा राग आला. चौथ्या-पाचव्या फोनपर्यंत मी संध्याकाळ व्हायची वाट बघायला लागले. मला तो आवडला, सरळ सांगते. आणि आवडला म्हणूनच मी बिघडले. नावडता असता तर त्याच्या तोंडावर ट्यूब ठेवली असती आणि म्हटलं असतं, ही बघ, घेतोस का?

मामांचा निरोप आला की मुलाच्या आईला उतारा हवाय. आईचा चेहरा पडला. म्हणाली, खरं ते सांगून टाकू. बारीक ओळ मीच त्यांना वाचून दाखवते. मी म्हटलं, आई, लोक वरचंच वाचतात. युक्ती माझीच, हे इथं स्पष्ट सांगते, नाहीतर लोक आईला बोलतील. नमुना कुठून घेता त्यावर निकाल ठरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? सौम्य मलम रक्तात जवळजवळ उतरतच नाही. नखात येतं ते लावणाऱ्या बोटाच्या. मग लावणारं बोट बदललं तर? मी हात लावायचाच नाही. आई लावेल. चातुर्मास लागलाच होता. चार महिने लग्नाची बोलणी पुढं ढकलायला त्याच्याइतकी सोज्वळ सबब नाही, आणि पुढं थोडं काहीबाही करून आणखी दोन महिने काढता येतील, तेवढ्यात माझं जुनं नख वाढून, कापून जाईल.

"समे, हे बरं नव्हे," आई म्हणाली.

मी म्हटलं, तुला माझं लग्न नकोय का? तिच्यापुढं मी हे वाक्य वापरलं. त्यावर कुठली आई काय बोलणार?

तर असे ते महिने गेले. इसब उठला की सव्वीस वर्षांची मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटायची आणि ती आपल्या बोटानं माझ्या पापण्यांवर पातळ थर लावायची. मला बरं वाटायचं, तिच्या बोटाचा वास मसाल्याचा यायचा, आणि तरी मनात सारखं टोचायचं. सकाळी केंद्रावर मी एका म्हाताऱ्याचं दूध परत पाठवायची, त्यात पाणी निघायचं म्हणून, आणि दुपारी घरी येऊन हे असं. एकदा त्या म्हाताऱ्यानं जाताना मला मुकाट्यानं हात जोडले.

उतारा आला. आढळले नाही. मामांनी पेढे आणले. आई देवघरात जाऊन बसली ती पेढा घ्यायला बाहेर आलीच नाही. संध्याकाळी वर्धमानचा फोन. बोलायच्या आधीच हसत होता. आमच्या आईनं तुझा कागद देव्हाऱ्यात ठेवलाय, फक्त हळदकुंकू वाहायचं बाकी आहे, असं म्हणाला. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला की मला त्या कागदाशी देणंघेणं नाही, पण तुला मला काही सांगायचं असलं तर सांग, मी ऐकतोय.

मी म्हटलं, नाही बाई, काय सांगायचं असणार? एवढं नीट विचारलं होतं त्यानं. फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं. लाज काय धुतली जाते?

सुपारी फोडायच्या आधी आम्ही घर बघायला समडोळीला गेलो. वर्धमानची बहीण दर्शना बाळंतपणाला माहेरी आली होती ती अजून तिथंच होती. तिची लेक ओवी, आठ महिन्यांची, तिच्या कडेवर. पोरीचे दोन्ही गाल लालबुंद, सोललेले, वर ओलसर खपल्या. हातात मोजे घातलेले, तरी ती गाल आईच्या खांद्यावर घासत होती. बाकीच्यांना रडकं बाळ दिसत होतं. मला ते घासणं कुठून येतं ते माझ्या कातडीत कळत होतं. मी तिच्यावरून डोळे काढू शकले नाही.

दर्शनानं सांगितलं की डॉक्टरांनी सौम्य मलम आणि अंगाला लावायचं एक क्रीम लिहून दिलंय, पण मलम स्टिरॉइड आहे म्हणून तिच्या आईनं, म्हणजे चौगुले काकूंनी, ते फोडूच दिलं नाही. आता लसीच्या वेळी बाळांची नखंही वाचतात, आणि बाळ गाल चोळून मुठी तोंडात घालतं, म्हणजे नखात येणारच. नख वाढून जातं, पण एकदा वाचलं की ते सरकारी आरोग्याच्या नोंदीतून कधी जात नाही, उद्या पोरीच्या लग्नात कुणीतरी ते काढेल. हे सांगताना दर्शनाचा आवाज बारीक झाला होता. तिला वाटत होतं मी काहीतरी बोलावं. चौगुले काकूंनी तेवढ्यात माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लेकीला म्हणाल्या, "हिच्याकडं बघ. हिच्या नखात काही नाही. हिच्या आईनं लावलं का कधी काही? पोरीची जात, अशीच सांभाळावी लागते."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. आणि नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी मान हलवली. हो म्हणून. काकूंचं बरोबर आहे म्हणून. त्या मानेचं मला अजून काही करता येत नाही.

परतीच्या वाटेवर आई गाडीत एवढंच म्हणाली की ते लेकरू फार खाजवत होतं गं. मी म्हटलं, त्यांचं घर, त्यांचे डॉक्टर, आपण कशाला मधे पडायचं? तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मी संध्याकाळी वर्धमानशी बोलले, हसले, साड्यांचे रंग ठरवले. दर्शनाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. रोज तो उघडायची, रोज मिटायची. एक ओळ लिहिली असती तर पुरे होतं. पण ती ओळ लिहिली की हा मनुष्य जाणार, हे मला दिसत होतं, आणि मला तो हवा होता. बाळाच्या गालापेक्षा हवा होता, असं कुणी म्हटलं तर मी नाही कशी म्हणू?

मग एका सकाळी मामांचा फोन आला की ओवीला मिरजेला दवाखान्यात ठेवलंय. खाजवून खाजवून गालांवर जखमा झाल्या, त्यात जंतू शिरले, पू झाला, ताप चढला, डोळा सुजून बंद झाला. डोळ्याला धोका आहे की नाही ते अजून सांगत नाहीत. मी केंद्रावर होते. हातातलं दूध तसंच ठेवलं, आईला घेतलं आणि निघाले. वाटेत मी काहीच ठरवलं नाही. ठरवायचं उरलंच काय होतं?

पण त्या दिवशी वॉर्डाच्या दारातून आत जाऊ दिलं नाही. दोन दिवसांनी ताप उतरल्याचं कळलं, डोळा उघडला, नजर शाबूत आहे असं सांगितलं, तेव्हा परत गेलो. दुपारची वेळ. ओवी दर्शनाच्या मांडीवर, हाताला सुई टोचून पट्टी बांधलेली. पलीकडं काकू. एक तरुण डॉक्टरीणबाई काकूंना समजावत होत्या की जंतूंचं औषध लागू पडलंय, जखमा सुकायला लागल्यात, पण खालची आग तशीच आहे. आजपासून सौम्य मलम लावलं नाही तर हे बाळ महिन्याभरात परत इथंच येईल. काकू हातावर हात ठेवून ऐकत होत्या. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या की यांना काय, यांचं लिहून देऊन भागतं. आणि माझ्याकडं वळून, आता तूच सांग गं हिला, असं म्हणाल्या.

"काकू, मला इसब आहे," मी म्हटलं. "हेच मलम मी आठवीपासून लावते."

त्यांना आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, मग कागदावर काय लिहिलं होतं?

"कागद खरा होता. माझ्या नखात काही नव्हतंच. ते आईच्या नखात आहे. सहा महिने तिच्या बोटानं लावून घेतलं मी, उतारा कोरा यावा म्हणून."

आईनं हात पदराखाली घेतला. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं असावं, तिनं तो बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा गुडघ्यावर ठेवला. काकू त्या हाताकडं बघत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की देव्हाऱ्यात ठेवला होता गं मी तो.

दारात कुणीतरी हललं. वर्धमान डबा घेऊन उभा होता, किती वेळ ते माहीत नाही. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. त्यानं डबा कपाटावर ठेवला, झाकण नीट बसलंय का बघितलं आणि खाली गेला. तो वर परत आला नाही. लग्नाचं काय, हे त्या खोलीत कुणी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं तोंडच नव्हतं.

दर्शनानं उशीखालून ट्यूब काढली, सील न फोडलेली. काकूंनी अगं म्हणून हात पुढं केला. दर्शनानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, दातानं कागद ओढला आणि टोपण उलटं करून सील फोडलं. मी पुढं सरकून हात केला, म्हटलं आण, किती घ्यायचं ते मी दाखवते.

"तू तोंडानं सांग," ती म्हणाली. "हात मी लावते. माझ्या नखात येऊ दे."

मी हात मागं घेतला. आयुष्यभर लोकांना 'असं नाही, आधी ढवळा' म्हणत आलेली मी, मागं सरकून नुसतं तोंडानं सांगायला लागले. सांगितलं तसं तिनं केलं. हात धुवून आली. ट्यूब बोटावर हलकेच दाबली. मी म्हटलं, एवढं नको, याच्या निम्मं. ठिपके ठेव. आता पसर, चोळू नकोस, कातडी चमकली की पुरे. डोळ्याच्या जवळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. ओवी आधी कुरकुरली, मग सुई नसलेल्या हातानं तिनं आईचं नाक धरलं. काकू उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या, पण थांब म्हणाल्या नाहीत.

एक गाल झाला. दुसऱ्या गालाशी दर्शनाचं बोट थांबलं. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "हिला बोलता येत नाही. तू सांग. झोंबतं का हे लावताना?"

"नाही," मी म्हटलं. "लावल्यावर गार वाटतं. लावलं नाही की आग होते. झोप लागत नाही. कातडी काढून फेकावी वाटते."

तिनं दुसरा गाल पुरा केला. ट्यूबला टोपण लावलं. मग पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे हिला काय होत होतं, ते त्या घरात फक्त तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.